तारीमचं खोरं: मरूद्यानात माणसं वाढली की पाण्याचं काय होतं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

वाळवंटातली हिरवी वस्ती, तिथली वाढती लोकसंख्या आणि त्याचा निसर्गावर होणारा परिणाम हा विषय भूगोलाच्या पुस्तकात दोन ओळींत उरकलेला असतो. त्यामुळे तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. इथे त्यांची उत्तरं प्रामुख्याने एकाच खोऱ्याच्या आधाराने दिली आहेत. ते खोरं म्हणजे चीनच्या पश्चिम टोकाला असलेल्या शिंच्यांगमधलं तारीम नदीचं खोरं. पाणी कुठून आलं, कुणी उचललं आणि शेवटी कुणाला मिळालं नाही, हे इथे जितकं स्पष्ट दिसतं तितकं फार थोड्या ठिकाणी दिसतं. जिथे तारीम पुरत नाही तिथे अल्जीरिया, इजिप्त आणि जॉर्डनमधली उदाहरणं घेतली आहेत.

मरूद्यान म्हणजे एक झरा आणि भोवती चार खजुराची झाडं, असंच ना?

चित्रात तसंच असतं. प्रत्यक्षात काशगर, होतान, अक्सू ही काही लाख वस्तीची शहरं मरूद्यानांतच वसलेली आहेत. सौदी अरेबियातल्या अल-अहसा मरूद्यानात सुमारे २५ लाख खजुराची झाडं आहेत आणि २०१८ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारसा यादीत घेतलं. आकार लहान असो की मोठा, मरूद्यानाची खरी खूण वेगळी आहे. तिथलं पाणी तिथल्या पावसाचं नसतं. ते दूरच्या डोंगरातल्या बर्फातून येतं, नाहीतर हजारो वर्षांपूर्वी जमिनीत मुरलेलं असतं.

जमीन हवी तेवढी पडलेली असते, पण पाणी पोहोचेल तेवढीच उपयोगाची. म्हणून मरूद्यानात लोकसंख्या वाढली असं म्हणताना, त्या लोकांच्या वाट्याचं पाणी कुठून आलं हा प्रश्न लगेच विचारावा लागतो.

तारीम नेमकी कुठे आहे आणि तिचं पाणी येतं कुठून?

उत्तरेला तिएन शान, दक्षिणेला कुनलुन, पश्चिमेला पामीर, आणि मध्ये सुमारे ३ लाख ३० हजार चौरस किलोमीटरचं तकलामकान वाळवंट. मैदानात वर्षाला ५० मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही, आणि उन्हाने उडून जाऊ शकणारं पाणी त्याच्या कितीतरी पट. डोंगरातलं बर्फ आणि हिमनद्या वितळून नद्या खाली उतरतात, आणि जिथे उतरतात तिथे एकेक मरूद्यान वसलेलं आहे. नकाशावर ती वाळवंटाच्या कडेने ओळीने दिसतात.

अक्सू, यारकंद आणि होतान या नद्या आराल शहराजवळ एकत्र येतात आणि तिथून पुढे तारीम हे नाव लागतं. तिथून शेवटच्या ताइतेमा सरोवरापर्यंत १,३२१ किलोमीटर. या एवढ्या लांबीत नदीला स्वतःचा म्हणून एक थेंबही मिळत नाही. जे काही आहे ते वरून आलेलं, आणि त्यातलं ७० टक्क्यांहून जास्त एकट्या अक्सूचं. एकेकाळी काशगर, केरिया अशा इतरही नद्यांचं पाणी तारीमला मिळायचं. आज ते वरच्या शेतांतच संपतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: हे खोरं बंद आहे. इथली नदी समुद्राला मिळत नाही. वरच्याने एक पाट जास्त काढला तर खालच्याला तेवढं कमी मिळणार, तूट भरून काढायला दुसरं काही नाही. आपल्याकडे कालव्याच्या टेलला जमीन असलेल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

लोकसंख्या किती वाढली? आणि ती जन्मांमुळे वाढली की बाहेरून माणसं आल्यामुळे?

१९५३ च्या जनगणनेत संपूर्ण शिंच्यांगमध्ये सुमारे ४८ लाख ७० हजार माणसं होती. २०२० मध्ये ती २ कोटी ५८ लाख ५० हजार झाली. म्हणजे पाचपटीहून जास्त. यात तिएन शानच्या उत्तरेचा भागही आला, पण दक्षिणेतलं चित्रही वाढीचंच आहे. प्रांताच्या दहा टक्क्यांहून कमी जागेत, म्हणजे मरूद्यानांमध्ये, सुमारे ९५ टक्के लोक राहतात. त्यामुळे ‘दर चौरस किलोमीटरला माणसं किती’ हा सरासरीचा आकडा इथे दिशाभूल करतो. वाळवंट धरून मोजलं तर प्रांत रिकामा वाटतो, मरूद्यान तेवढं मोजलं तर ते गच्च भरलेलं असतं.

वाढ दोन्ही कारणांनी झाली. आरोग्यसेवा सुधारली, बालमृत्यू घटले, हे जगभर झालं तसं इथेही झालं. पण त्याबरोबरच सरकारने ठरवून माणसं आणून वसवली. १९५४ मध्ये शिंच्यांग उत्पादन आणि बांधणी दल स्थापन झालं. चिनी भाषेत त्याला थोडक्यात बिंगतुआन म्हणतात. सैन्यातून मोकळे झालेले जवान आणि नंतर पूर्वेकडच्या प्रांतांतून आलेली तरुण मुलं-मुली यांनी पडीक जमिनी फोडल्या, कालवे काढले, शेतं उभी केली. १९५३ मध्ये प्रांतात हान चिनी लोक सात टक्क्यांच्या आसपास होते, २०२० मध्ये ४२ टक्के. उइघुर, म्हणजे तिथले जुने, तुर्की कुळातली भाषा बोलणारे रहिवासी, याच काळात सुमारे ७५ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर आले. पर्यावरणाची चर्चा करताना हा भाग गाळला तर, नदी आटायला ‘लोकांना मुलं फार झाली’ एवढंच कारण होतं असा समज होतो. तो चुकीचा आहे आणि तिथल्या लोकांवर अन्याय करणाराही.

माणसं पिऊन पिऊन किती पाणी पिणार? मग नदी आटली कशी?

हा प्रश्न अगदी योग्य आहे. साधा हिशेब करू. एका माणसाला घरगुती वापरासाठी रोज १०० लिटर धरले तर वर्षाला ३६,५०० लिटर होतात. ठिबकवर घेतलेल्या एक हेक्टर कापसाला तिथे ५५ लाख लिटर पाणी सहज लागतं. म्हणजे अडीच एकर कापूस दीडशे माणसांचं वर्षाचं पाणी पितो. प्रांतातल्या एकूण वापरापैकी ९० टक्क्यांच्या आसपास पाणी शेतीलाच जातं.

आपल्याकडे विदर्भात कापूस बहुतांशी कोरडवाहू, पावसाच्या भरवशावर. तारीममध्ये तो भरवसाच नाही. पेरणीपासून बोंड फुटेपर्यंतचं सगळं पाणी नदीतून नाहीतर बोअरमधून. आणि चीनच्या एकूण कापसापैकी अलीकडच्या वर्षांत ९० टक्क्यांच्या आसपास कापूस शिंच्यांगमधून येतो. म्हणजे होतानच्या किंवा अक्सूच्या पाण्यावर फक्त तिथली माणसं जगत नाहीत. दूरच्या शहरांतल्या दुकानांमधले शर्टही त्याच पाण्यावर तयार होतात.

म्हणून लोकसंख्या आणि पाणी यांचा संबंध सरळ नाही, जमिनीमार्फत आहे. माणसं आली, त्यांना रोजगार हवा म्हणून जमीन फोडली, जमिनीला पाट काढला, आणि पिकाला भाव मिळाला की तोच पाट पुढे वाढवला. शेवटच्या टप्प्यात तर माणसं वाढली नाहीत तरी क्षेत्र वाढत जातं.

१९७२ मध्ये नेमकं काय झालं?

खालच्या टप्प्यात दाशिहायझी नावाचा जलाशय पूर्ण झाला. बिंगतुआनच्या शेतांना पाणी देण्यासाठी तो बांधला होता. त्याच्यापुढची ३२० किलोमीटर नदी कोरडी पडली आणि पुढची जवळजवळ तीस वर्षं कोरडीच राहिली. ताइतेमा सरोवर आटलं. त्याच सुमारास पूर्वेचं लोप नूर हे प्रसिद्ध सरोवरही संपलं. आज उपग्रहाच्या छायाचित्रात ते कानाच्या आकाराच्या मिठागरासारखं दिसतं.

सगळा दोष त्या एका बांधावर टाकणं सोपं आहे, पण बरोबर नाही. वीस वर्षं वरच्या अंगाला शेकडो पाट निघत होते. नदी खाली येईपर्यंत आधीच रोडावलेली होती, जलाशयाने शेवटचं उरलेलं अडवलं. वरच्या गावात कुणालाच काही नाहीसं झाल्यासारखं वाटलं नाही. तिथे उलट हिरवळ वाढली होती. तारीमच्या काठची वरची मरूद्यानं वाढली आणि खालची संपली. दोन्ही गोष्टी त्याच पाण्याने झाल्या. ‘वाळवंटाचं नंदनवन केलं’ असं म्हणून वरच्या हिरव्या शेतांचे फोटो दाखवले जातात, तेव्हा मला नेहमी दाशिहायझीच्या पुढचा फोटो शेजारी लावावासा वाटतो.

तिथल्या झाडांचं काय झालं?

तारीमच्या काठाने पॉप्लर जातीचं एक झाड आहे. उइघुर लोक त्याला तोग्राक म्हणतात, चिनी हूयांग. त्याच्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण या नदीचा हिशेब त्या झाडावर लिहिलेला आहे.

कोवळ्या फांदीवर त्याची पानं विलोसारखी अरुंद असतात आणि मोठ्या फांदीवर रुंद, दातेरी. एकाच झाडावर दोन्ही. खोडाला जखम झाली की खारट रस पाझरतो आणि वाळून त्याचा पिवळट-पांढरा खडा होतो. कणीक फुगवायला सोड्यासारखा तो वापरायची तिथे जुनी पद्धत आहे. खारं पाणी पचवून जास्तीचं मीठ असं बाहेर टाकणारं हे झाड आहे. एवढं चिवट, पण त्याची एक अट आहे: मुळांना भूजल लागलं पाहिजे. ते चार-पाच मीटरवर असेपर्यंत झाड निवांत असतं. आठ-नऊ मीटरच्या खाली गेलं की शेंडा वाळायला लागतो. खालच्या तारीममध्ये १९५० च्या दशकात ३ ते ५ मीटरवर असलेलं भूजल शतकाच्या शेवटी ८ ते १२ मीटरवर गेलं होतं. त्या टप्प्यातलं तोग्राकचं जंगल सुमारे ५४ हजार हेक्टरवरून दहा हजार हेक्टरच्या आत आलं.

पाण्याबरोबर सरपणाचाही वाटा होता. वस्ती वाढली, चुली वाढल्या, आणि कोळसा व वायू घरोघर पोहोचेपर्यंत तोग्राक, झाऊ, सक्सौल हेच जळण होतं. झाऊची मुळं वाळू धरून ठेवतात. ती उपटून नेल्यावर टेकाडं सुटी झाली.

आणखी एक गोष्ट बऱ्याच लेखांत येत नाही. तोग्राकचं बी कापसासारखं हलकं असतं, पावसाळ्यात नव्हे तर उन्हाळी पुराच्या वेळी उडतं, आणि थोडेच दिवस जिवंत राहतं. तेवढ्यात त्याला पुराने नुकताच टाकलेला ओला गाळ मिळाला तरच ते रुजतं. पूरच येत नसेल तर जुनी झाडं कशीबशी जगतात, पण त्यांच्या खाली रोप दिसत नाही. जंगल उभं असतं आणि तरी पुढची पिढी नसते.

जमीन खारवते ती कशी?

सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांनी क्षारपड रानं पाहिलेली असतात. तत्त्व तेच आहे, फक्त तारीममध्ये ते कितीतरी जास्त तीव्र आहे. नदीच्या पाण्यात थोडंसं मीठ असतंच. शेतात पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. पाणी जास्त झालं, निचरा नसला, की भूजल वर चढतं आणि मातीतलं जुनं मीठही वर आणतं. मग जमिनीवर पांढरं मीठ फुटतं.

उपाय म्हणून हिवाळ्यात किंवा पेरणीआधी शेतात मोकाट पाणी भरून मीठ खाली ढकलतात. म्हणजे पीक उभं नसतानाही पाणी लागतं. ते खारं पाणी निचऱ्याच्या चरांतून पुन्हा नदीत सोडलं जायचं. त्याचा परिणाम असा, की १९५० च्या दशकात आरालजवळ लिटरमागे एक ग्रॅमच्या आसपास मीठ असलेली नदी पुढे कोरड्या महिन्यांत चार-पाच ग्रॅमपर्यंत खारट झाली. खालच्या गावाला पाणी कमी तर मिळालंच, जे मिळालं तेही वरच्याने वापरून मीठ घातलेलं.

धुळीचा याच्याशी संबंध आहे का?

आहे, पण सगळी धूळ माणसाची नव्हे. तकलामकान माणसाच्या आधीपासून वाळवंट आहे. होतानमध्ये वर्षातले दोनशेच्या आसपास दिवस हवेत बारीक धूळ तरंगत असते, आणि त्यातली बरीचशी नैसर्गिक आहे. माणसाने भर घातली ती आटलेल्या तळ्यांच्या तळातून आणि सोडून दिलेल्या शेतांतून. तिथली धूळ नुसती वाळू नसते, तिच्यात मीठ असतं. ती पिकाच्या पानांवर बसते आणि श्वासातही जाते. खालच्या तारीमच्या काठचा हिरवा पट्टा पश्चिमेच्या तकलामकानला आणि पूर्वेच्या कुरुक वाळवंटाला एकमेकांपासून दूर ठेवत होता. तो विरळ झाल्यावर तिथल्या राष्ट्रीय महामार्ग २१८ वर वाळूची टेकाडं सरकून आली.

सगळ्यांनी ठिबक केलं तर प्रश्न सुटेल ना?

दर हेक्टरी पाणी नक्की वाचतं. शिंच्यांगमध्ये १९९० च्या दशकाच्या शेवटापासून मल्चिंग पेपरखाली ठिबकच्या नळ्या घालायची पद्धत प्रचंड पसरली आणि उत्पादनही वाढलं. पण वाचलेलं पाणी नदीत परत गेलं का? बहुतेक ठिकाणी नाही. त्या पाण्यावर शेजारची पडीक जमीन ओलिताखाली आली. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर ते अगदी समजण्यासारखं आहे. पाणी वाचवायला खर्च त्याने केला, मग ते दुसऱ्याला का सोडावं?

शिवाय पूर्वी पाटातून, शेतातून जे पाणी झिरपायचं, त्याच्यावर बांधावरची झाडं आणि आसपासची झुडपं जगत होती. कालवे अस्तरित झाले, ठिबक आलं, आणि तो पाझर बंद पडला. आपल्या हिशेबात जी गळती होती ती कुणाचं तरी पाणी होतं. तिसरी अडचण पेपरची. पातळ प्लास्टिक दरवर्षी फाटून मातीत राहतं, नांगरताना आणखी बारीक होतं, आणि मुळांची व पाण्याची वाट अडवतं. तिथल्या जुन्या कापसाच्या रानांत हा आता स्वतंत्र प्रदूषणाचा विषय झालेला आहे.

ठिबक करावंच, पण एकूण क्षेत्रावर आणि एकूण उपशावर मर्यादा घालूनच. ती मर्यादा नसेल तर ठिबक नदीच्या उपयोगाचं नाही.

हिमनद्या वितळून नद्यांना पाणी वाढलंय म्हणतात. मग चिंता कशाची?

वाढलं आहे, विशेषतः अक्सूला. पण ते मुद्दल मोडून आलेलं पाणी आहे. हिमनदी लहान होत गेली की एका टप्प्यानंतर उन्हाळ्याचं पाणी कमी होणार. या वाढीव पाण्याच्या भरवशावर जी नवी शेतं आणि नवी वस्ती उभी राहते, तिच्यासाठी त्या दिवसाची तयारी आजच करायला हवी.

२००० पासून खालच्या टप्प्यात मुद्दाम पाणी सोडतात. त्याचा उपयोग झाला का?

झाला, आणि तो मान्य केला पाहिजे. मे २००० मध्ये पहिल्यांदा पाणी सोडलं. ते सुरुवातीला शेजारच्या बोस्तेन सरोवरातून कोंगचुए नदीमार्गे आणलं होतं. २००१ मध्ये चीन सरकारने खोऱ्यासाठी १०.७ अब्ज युआनची योजना मंजूर केली. त्याच वर्षी ताइतेमा सरोवरात पुन्हा पाणी पोहोचलं. नदीच्या पात्राजवळचं भूजल वर आलं, वाळत चाललेल्या तोग्राकांना पालवी फुटली. तीस वर्षं मेलेल्या नदीला परत आणणं सोपं नव्हतं, आणि ते करून दाखवलं गेलं.

मर्यादाही आहेत. पाणी पात्रातून गेलं तर फायदा पात्राच्या दोन्ही बाजूंच्या काहीशे मीटरलाच मुख्यतः मिळतो, आणि बी रुजायला लागणारा पसरट पूर त्यातून येत नाही. काही वर्षं ताइतेमात इतकं पाणी गेलं की सरोवर शेकडो चौरस किलोमीटर पसरलं. दिसायला सुंदर, पण उथळ तळ्यातलं पाणी त्या उन्हात उडून जातं. म्हणून पुढे जुन्या उपशाखांतून, मुद्दाम फोडलेल्या तोंडांतून जंगलात पाणी पसरवायला सुरुवात झाली. माझ्या मते सरोवर किती मोठं झालं यापेक्षा रोपं किती दिसतात हे मोजणं जास्त खरं आहे.

वाळवंटाभोवती झाडांचा पट्टा लावला म्हणतात. तो वाळवंट थांबवेल का?

नोव्हेंबर २०२४ मध्ये तकलामकानभोवतीचा ३,०४६ किलोमीटरचा पट्टा पूर्ण झाल्याचं चीनने जाहीर केलं. रस्ता, रेल्वे, वस्ती यांना वाळूपासून वाचवायला असे पट्टे लागतात. वाळवंट ओलांडणाऱ्या महामार्गाच्या कडेने ४३६ किलोमीटर झाडी आहे. ती जमिनीतल्या खाऱ्या पाण्यावर ठिबकने जगवली जाते, आणि २०२२ पासून तिथले पंप सौरऊर्जेवर आहेत. पण झाडही पाणी पितं. पंप बंद पडला की काही महिन्यांत सुकेल अशी झाडी आणि नदीच्या पुरावर आपोआप उगवणारं तोग्राकचं जंगल यांची बरोबरी करता येत नाही. आधी जे आहे ते जगवावं, मग नवं लावावं.

मग लोकसंख्या कमी करणं हाच उपाय नाही का?

नाही. आणि या प्रश्नाचं उत्तर शिंच्यांगच्या बाबतीत फार जबाबदारीने द्यायला हवं. २०१७ मध्ये तिथला जन्मदर हजारी १५.८८ होता, २०१९ मध्ये ८.१४. दोन वर्षांत जवळजवळ निम्मा. हे अधिकृत आकडे आहेत. ही घट मुख्यतः उइघुरबहुल भागांत झाली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२२ च्या अहवालात सक्तीच्या कुटुंबनियोजनाचे आरोप विश्वासार्ह असल्याचं म्हटलं. चीन सरकार ते नाकारतं.

पर्यावरणाचं नाव घेऊन अशा गोष्टीला कुणी आधार देऊ नये. वर केलेला हिशेब पुन्हा पाहा: एक हेक्टर कापूस दीडशे माणसांचं पाणी घेतो. पाळणे रिकामे झाले म्हणून कापसाचं पाणी कमी होत नाही. प्रश्न क्षेत्राचा, पिकाचा, आणि वरचा-खालचा वाटा ठरवण्याचा आहे.

कान्सू प्रांतातलं मिनचिन मरूद्यान इथे पाहण्यासारखं आहे. १९५८ मध्ये तिथल्या शियांग नदीवर होंगयाशान जलाशय झाला आणि पुढच्याच वर्षी टोकाचं चिंगतू सरोवर आटलं. लोकांनी बोअर मारले, पाणी खोल गेलं, खारं झालं, गावं ओस पडू लागली. २००७ नंतर हजारो बोअर बंद केले, लागवडीचं क्षेत्र घटवलं, वरच्या भागातून ठरलेलं पाणी खाली सोडायची सक्ती झाली. २०१० पासून चिंगतूमध्ये पुन्हा पाणी आहे. शेतकऱ्यांनी त्याची किंमत मोजली, कारण जमीन पडीक ठेवली ती त्यांची होती. भरपाई नीट दिली गेली पाहिजे हा मुद्दा तिथे कायम महत्त्वाचा राहील.

सगळ्या मरूद्यानांत पाणी कमीच होतं का?

उलटही होतं. अल्जीरियातल्या एल उएद भागात, ज्याला सूफ म्हणतात, तिथली खजुराची शेती पाहा. वाळूत दहा-दहा मीटर खोल, बशीसारखा खड्डा खणायचा आणि तळाशी खजूर लावायचे, म्हणजे मुळं थेट भूजलाला टेकतात. पाणी उपसायचं नाही, उडून आलेली वाळू मात्र आयुष्यभर टोपल्यांनी वर काढायची. या खड्ड्यांना घूत म्हणतात. अन्न आणि कृषी संघटनेने २०११ मध्ये या पद्धतीला जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली.

शहर वाढलं. हजार मीटरहून खोल असलेल्या जुन्या भूजलातून बोअरने पाणी आणलं आणि घराघरात नळ आले. गटारं मात्र नव्हती. सांडपाणी शोषखड्ड्यांतून वाळूत मुरलं आणि वरचं भूजल चढायला लागलं. घूतांच्या तळाला पाणी साचलं, मुळं कुजली, खजूर उभे मेले. त्या डबक्यांत डास झाले, काहींत कचरा टाकला गेला. पुढे मलनिस्सारण आणि निचऱ्याची योजना झाली तेव्हा पाणी उतरू लागलं, तोवर हजारो घूत गेले होते.

इजिप्तमधल्या सिवाची गोष्टही अशीच. समुद्रसपाटीच्या खाली सुमारे १८ मीटर असलेल्या या खळग्यातून पाणी बाहेर जाऊच शकत नाही. १९८० च्या दशकापासून लोकांनी हौसेने विहिरी खणल्या. पाणी आपोआप उसळून येतं, रात्रंदिवस वाहत राहतं. जास्तीचं पाणी खाऱ्या तळ्यांत जातं, तळी पसरतात आणि काठचे ऑलिव्ह व खजूर मिठाने मरतात. पाण्याची तोटी बंद करणं हीच तिथे पाणी-व्यवस्थापनातली पहिली पायरी ठरली.

मरूद्यानात माणसं वाढली नाहीत, पण जवळचं शहर वाढलं तर?

जॉर्डनमधलं अझराक हेच सांगतं. १९७७ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलेली ही जागा लाखो स्थलांतरित पक्ष्यांचा थांबा होती. १९८० च्या दशकात अम्मान आणि झर्का या वाढत्या शहरांसाठी तिथून पाणी उपसायला सुरुवात झाली, आसपासच्या शेतांनी बेकायदा बोअर घेतले, आणि १९९२ मध्ये झरे थांबले. तळातलं वाळलेलं पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, पेटलं. आज एका छोट्या भागात बाहेरून पाणी सोडून पाणथळ जिवंत ठेवली आहे, आणि जगात फक्त इथेच सापडणारा अझराक किलिफिश नावाचा छोटा मासा त्या पाण्यामुळे वाचला आहे. २०१४ मध्ये जवळच सीरियन निर्वासितांची छावणी उघडली. पाण्याच्या टंचाईचं खापर त्यांच्यावर फोडणारे भेटतात. झरे त्याच्या बावीस वर्षं आधी आटले होते.

पूर्वीच्या लोकांना हे कळत नव्हतं का?

चांगलं कळत होतं. तारीमच्या दक्षिण कडेला निया नावाची तिसऱ्या-चौथ्या शतकातली ओसाड वस्ती आहे. पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइनला ती १९०१ मध्ये सापडली. तिथल्या लाकडी पाट्यांवर खरोष्ठी लिपीत, प्राकृत भाषेत राज्यकारभार लिहिलेला आहे. भारताच्या वायव्येकडची प्राकृत तकलामकानच्या काठावर कचेरीची भाषा होती, हे मराठी वाचकाला जवळचं वाटावं. त्यातल्या एका पाटीवर नियम आहे: जिवंत झाड मुळासकट तोडलं तर दंड एक घोडा, फांद्या तोडल्या तर एक गाय. मरूद्यानात झाडाची किंमत काय असते हे त्यांना घोड्यांमध्ये मोजता येत होतं. नियाच्या अवशेषांपर्यंत आज नदीचं पाणी पोहोचत नाही.

दुसरं उदाहरण शिंच्यांगमधल्याच तुर्फानच्या करेझचं. डोंगराच्या पायथ्याचं भूजल उताराच्या बोगद्यातून, पंपाशिवाय, गावात आणायचं. छत्रपती संभाजीनगरची नहर-ए-अंबरी याच कुळातली. करेझची खुबी अशी की भूजल बोगद्याच्या खाली गेलं की पाणी आपोआप थांबतं. हव्यासाला मर्यादा रचनेतच घातलेली आहे. १९५० च्या दशकात तुर्फानमध्ये बाराशेहून जास्त करेझ वाहत होते. पंप आले, बोअर खोल गेले, आणि आता तीनशेच्या आत उरले आहेत.

विद्यार्थ्यांना हे घरबसल्या दाखवता येईल का?

येईल. जमिनीची छायाचित्रं घेणाऱ्या अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह जुलै १९७२ मध्ये, म्हणजे नदी तुटली त्याच वर्षी, सोडला गेला. या मालिकेतली सगळी छायाचित्रं २००८ पासून फुकट उपलब्ध आहेत. गूगल अर्थच्या टाइमलॅप्समध्ये १९८४ पासूनचे बदल वर्षागणिक दिसतात. आधी आराल शोधा आणि शेतांचे चौकोन दोन्ही काठांनी कसे वाढत गेले ते बघा. मग नदीच्या कडेकडेने पूर्वेला या आणि रुओच्यांग गावाच्या उत्तरेला, साधारण ३९.५ अंश उत्तर आणि ८८.५ अंश पूर्वेला थांबा. तिथे ताइतेमा आहे. १९९९ पर्यंत कोरडं, २००१ नंतर पाणी येतं-जातं. दोन्ही जागांची एकाच वर्षाची चित्रं शेजारी ठेवून मुलांना आधी काहीही न सांगता विचारा, की वरच्या चित्रातलं पाणी कुठून आलं असेल. दहावीच्या मुलांना हे जमतं. सुरुवात ऑगस्टच्या चित्रांपासून करा, कारण त्या महिन्यात कापूस उभा असतो आणि नदीलाही पाणी असतं.